भूक आणि रोग यांमधील रेषा : खानदेशातील दुष्काळ, आहार आणि आतड्याची प्रतिकारशक्ती

विषयप्रवेश

मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ येथे दुभंगतो. एक फाटा खांडव्यावरून जबलपूरकडे जातो, दुसरा अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरकडे. नागपूरचा मार्ग १८६७ मध्ये आणि जबलपूरचा १८७० मध्ये पूर्ण झाला व त्यानंतर अवघ्या तीन दशकांत एका लहानशा गावाचे रूपांतर सुमारे सोळा हजार वस्तीच्या रेल्वे-नगरात झाले. खानदेशचा कापूस याच मार्गाने मुंबईच्या बंदरात जाऊ लागला आणि तुटीच्या वर्षी परप्रांतातील धान्य याच मार्गाने खानदेशात येऊ लागले. रेल्वेमुळे धान्याचा तुटवडा ही बाब इतिहासजमा होईल, अशी तत्कालीन राज्यकर्त्यांची धारणा होती. प्रत्यक्षात १८९९-१९०० च्या दुष्काळात भुसावळच्या मालधक्क्यावर धान्याची पोती उतरत असताना सातपुड्याच्या पायथ्याशी आणि तापीच्या दोन्ही तीरांवर माणसे मरत होती. ती कशाने मरत होती, या प्रश्नाला सरकारी कागदपत्रांनी दिलेले उत्तर बहुतांशी एकच होते : रोगाने.

प्रस्तुत निबंधात या उत्तराची तपासणी केली आहे. दुष्काळातील मृत्यूंची भुकेमुळे झालेले आणि रोगामुळे झालेले अशी जी विभागणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रशासनाने केली, ती वैद्यकीय ज्ञानाच्या कसोटीवर कितपत टिकते, हा येथील मुख्य प्रश्न आहे. आहार, आतड्याचे आरोग्य आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांच्या परस्परसंबंधाविषयी गेल्या शंभर वर्षांत जे ज्ञान हाती आले, त्याच्या प्रकाशात या जुन्या नोंदी पुन्हा वाचणे शक्य झाले आहे. हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही, हे निबंधाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

नोंदवहीतील रकाने

मुंबई इलाख्यात ग्रामीण भागातील जन्ममृत्यूची नोंद गावकामगारांकडे होती. पाटील अथवा कुळकर्णी ती नोंद करी, तालुक्यावरून जिल्ह्यास आणि तेथून सॅनिटरी कमिशनरच्या कार्यालयास आकडे जात व वार्षिक अहवालात ते छापले जात. मृत्यूच्या कारणांसाठी मोजके रकाने होते : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार म्हणजे हगवण व अतिसार, अपघात-इजा आणि इतर कारणे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्भव झाल्यानंतर त्यात प्लेगची भर पडली. उपासमारीसाठी या तक्त्यात स्वतंत्र रकाना नव्हता.

याचा अर्थ नोंद करणारा पाटील खोटे लिहीत होता, असा नाही. महिनोन्‌महिने अर्धपोटी असलेला मजूर अखेरच्या आठवड्यात हगवणीने अंथरुणाला खिळत असे आणि पाटलाला दिसे ती हगवण. लक्षण खरे होते, नोंदही खरी होती. मात्र असे हजारो खरे तपशील एकत्र केल्यावर जे चित्र तयार होई, त्यातून भूक पूर्णपणे नाहीशी झालेली असे. हगवण ही दैवी अथवा हवामानाची आपत्ती ठरे, तर भूक ही प्रशासनाची जबाबदारी ठरली असती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांनी उपासमारीने मृत्यू होऊ न देणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य मानले होते. त्यामुळे कोणता मृत्यू कोणत्या सदरात पडतो, याला प्रशासकीय महत्त्व प्राप्त झाले होते.

खानदेश जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत सुमारे सव्वाचौदा लाख भरली. (पूर्व आणि पश्चिम खानदेश ही विभागणी पुढे १९०६ मध्ये झाली आणि जळगाव व धुळे ही अनुक्रमे त्यांची मुख्य ठाणी बनली.) १८७६-७८ च्या दुष्काळाची झळ दख्खनच्या पठारावरील जिल्ह्यांच्या मानाने या जिल्ह्यास कमी बसली होती. १८९९-१९०० चा दुष्काळ मात्र गुजरात आणि खानदेश या दोन्ही प्रदेशांना ग्रासून गेला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे गुजरातेत तो ‘छप्पनियो’ या नावाने लोकांच्या स्मरणात राहिला. १९०० च्या उन्हाळ्यात इलाख्यात पटकीची साथ पसरली आणि पावसाळा सुरू झाल्यानंतर तापाचे मृत्यू वाढले. म्हणजेच दुष्काळाचा सर्वात मोठा मृत्युदर धान्य सर्वाधिक दुर्मीळ असताना आला नाही. तो काही काळ मागाहून, पाऊस पडून शेते हिरवी होत असताना आला. भूक हे मृत्यूचे कारण नव्हे, या युक्तिवादाला या कालक्रमाचा आधार घेतला गेला.

एक पौंड धान्य

भुकेची शासकीय मर्यादा कोठे आखावी, हा वाद १८७७ मध्ये उभा राहिला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुष मजुरास दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी रोख रक्कम एवढी मजुरी पुरेशी असल्याचे मत मांडले. मुंबई इलाख्यात ही कमी केलेली मजुरी लागू होताच हजारो मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने मजुरांची बाजू सरकारकडे लावून धरली. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय आधारावर या प्रमाणास विरोध केला आणि धान्याच्या जोडीला डाळीसारख्या प्रथिनयुक्त पदार्थाचा आग्रह धरला. काही महिन्यांनी मद्रासमध्ये हे प्रमाण वाढवावे लागले. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले, हा योगायोग नोंद घेण्यासारखा आहे.

एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. एवढ्या ज्वारीतून जेमतेम १,६०० कॅलरी मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये कष्टाचे काम करणाऱ्या ६० किलो वजनाच्या पुरुषासाठी सुमारे ३,५०० कॅलरींची गरज सांगितली. एकोणिसाव्या शतकातील मजुराचे वजन कमी होते हे गृहीत धरले तरी खडी फोडणाऱ्या माणसाची गरज आणि त्याची मजुरी यांत मोठे अंतर राहते. वरच्या थोड्या रोख रकमेत मीठ, मिरची, सरपण आणि तेल भागवायचे असे.

तथापि येथे अधिक महत्त्वाचा मुद्दा कॅलरींचा नाही. मद्रास इलाख्यातील दुष्काळछावणीच्या रुग्णालयात डॉ. अलेक्झांडर पोर्टर यांनी मृत रुग्णांची शवविच्छेदने केली आणि त्यांचे निष्कर्ष १८८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. खानदेशासाठी अशा स्वरूपाचा वैद्यकीय दस्तऐवज नसल्यामुळे मद्रासच्या या पुराव्याकडे वळणे अपरिहार्य ठरते. दोन्ही प्रांतांत मजुरीचे तत्त्व एकच होते, त्यामुळे ही तुलना अनाठायी नाही. दीर्घ उपासमारीने मेलेल्या माणसांची आतडी पातळ पडलेली आणि अन्नरस शोषून घेणारे अस्तर झिजलेले पोर्टर यांना आढळले. अशा अवस्थेस पोचलेल्या माणसाला अन्नछत्रात नेहमीचे जेवण दिले तरी ते पचत नसे आणि अतिसार होऊन तो दगावत असे. अन्न मिळूनही मेला, म्हणजे अन्नाअभावी मेला नाही, असे अधिकारी म्हणू शकत. पोर्टर यांच्या टेबलावरील पुरावा वेगळे सांगत होता : ज्या अवयवाने अन्न घ्यायचे, तोच अवयव भुकेने आधी निकामी केला होता.

हा पुरावा प्रसिद्ध होऊन दहा वर्षे लोटल्यानंतरही १८९९-१९०० मध्ये मुंबई सरकारने ठरलेले काम पुरे न करणाऱ्या मजुरांची मजुरी दंड म्हणून कापण्याची पद्धत अवलंबिली. ‘मँचेस्टर गार्डियन’चे प्रतिनिधी व्हॉन नॅश यांनी १९०० मध्ये दुष्काळी भागाचा दौरा करून या दंडात्मक किमान मजुरीवर कठोर टीका केली. अशक्त मजूर काम कमी करतो, म्हणून त्याची मजुरी कापली जाते, म्हणून तो अधिक अशक्त होतो, हे चक्र त्यांनी वाचकांपुढे मांडले. या चक्रात आतडे हा सर्वांत नाजूक दुवा होता, हे मात्र तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

खानदेशची भाकरी आणि तिचा ऱ्हास

दुष्काळाने आहाराचे नेमके काय केले, हे समजण्यासाठी सुकाळातील आहार पाहिला पाहिजे. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाखा गॅझेटिअरच्या खानदेशविषयक बाराव्या खंडाच्या काळी बाजरी आणि ज्वारी हेच जिल्ह्याचे प्रमुख अन्न होते. खानदेशी स्वयंपाकघराचे वैशिष्ट्य म्हणजे कळण्याची भाकरी. ज्वारीत सालासकट उडीद मिसळून दळलेल्या पिठाची ही भाकरी आहारशास्त्राच्या दृष्टीने विचारपूर्वक केलेली जोडणी ठरते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन या अमिनो आम्लाची उणीव असते आणि उडीद ती भरून काढतो. सालासकट दळल्यामुळे तंतुमय भाग टिकतो. भाकरीसोबत ताक, कांदा, ठेचा, शेंगदाण्याचे अथवा जवसाचे तेल. उन्हाळ्यात ज्वारी भिजवून, आंबवून, शिजवून थापलेले बिबडे आणि गहू कित्येक दिवस भिजवून केलेल्या कुरडया वर्षभरासाठी साठविल्या जात. आंबविण्याची प्रक्रिया धान्यातील फायटेटचे प्रमाण घटविते, त्यामुळे लोह व जस्त शरीरास अधिक उपलब्ध होतात. हे रसायनशास्त्र घरातील बाईला ठाऊक असण्याची गरज नव्हती.

या आहाराला आदर्श ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. कळण्याची भाकरी आणि ताक हे जमीन व दुभते जनावर असलेल्या कुटुंबाचे अन्न होते. शेतमजुराच्या ताटात उडीद क्वचितच असे. सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजाचा आहार नागली-वरईसारखी भरड धान्ये, मोहाची फुले, कंदमुळे आणि रानभाज्या यांवर आधारलेला होता आणि १८७८ च्या वन कायद्याने त्यातील जंगलाचा वाटा आक्रसत नेला होता. केवळ ज्वारीवर जगण्याचेही धोके आहेत. १९६० मध्ये डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांतील पेलाग्रा या विकाराचा संबंध ज्वारीतील ल्युसिनच्या आधिक्याशी जोडला. या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला. तरी अतिसार हे पेलाग्राच्या प्रमुख लक्षणांपैकी एक आहे, हे प्रस्तुत संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुष्काळात हा आहार एका क्रमाने मोडत जाई. चारा संपला की जनावरे मरत अथवा विकली जात आणि त्यांच्याबरोबर दूध व ताक जाई. १८९९-१९०० मध्ये गुरांची हानी भयानक होती. मग डाळी जात, कारण त्या महाग. मग तेल. शेवटी उरे ते निव्वळ धान्य, तेही पोटभर नाही, आणि त्यात मिसळलेली पाने, साली, बिया. कापसाच्या लागवडीमुळे अनेक शेतकरी धान्य विकत घेणारे बनले होते, म्हणून रोख मजुरी आणि बाजारभाव यांवर त्यांचे ताट अवलंबून राहिले. दुष्काळ म्हणजे अन्नाची मात्रा कमी होणे असे सामान्यतः समजले जाते. त्याआधी आहारातील विविधता नाहीशी होते आणि आतड्याच्या अस्तराला सर्वप्रथम फटका बसतो तो या दुसऱ्या ऱ्हासाचा.

कुन्नूर येथील प्रयोग

हा दुवा प्रयोगशाळेत सिद्ध करण्याचे पहिले मोठे श्रेय रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांच्याकडे जाते. निलगिरीतील कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस माकडांना जीवनसत्त्वहीन, सदोष आहार देऊन त्यांच्या आतड्यांची तपासणी केली. सदोष आहारावरील बहुतेक माकडांना अतिसार व हगवण जडली आणि त्यांच्या आतड्यांच्या अस्तरात झीज व दाह दिसून आला. त्याच ठिकाणी ठेवलेली, चांगला आहार मिळणारी माकडे निरोगी राहिली. रोगजंतूंशी संपर्क दोन्ही गटांना सारखाच होता, फरक होता तो फक्त आहाराचा. १९२१ मध्ये त्यांचे ‘स्टडीज इन डेफिशियन्सी डिसीज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सुदृढ आतडे हा संसर्गाविरुद्धचा अडसर आहे आणि सदोष अन्न तो अडसर काढून टाकते, असा त्याचा आशय होता.

मराठी वाचकांच्या दृष्टीने मॅक्‌कॅरिसन यांचा दुसरा प्रयोग अधिक रंजक आहे. १९२० च्या दशकात त्यांनी भारतातील सात समूहांचे प्रातिनिधिक आहार उंदरांच्या सात गटांना दिले. वाढ आणि प्रकृती यांत शीख आहारावरील गट पहिला आला, पठाण दुसरा आणि मराठा आहारावरील गट तिसरा. तांदूळप्रधान मद्रासी आहार सर्वांत खाली राहिला. या निष्कर्षांचा पुढे वांशिक गुणवत्तेच्या प्रचारासाठी जो उपयोग झाला, तो आक्षेपार्ह होता. वस्तुतः प्रयोगातील सर्व उंदीर एकाच वंशाचे होते, त्यामुळे प्रयोगाने सिद्ध झाले ते नेमके उलट : फरक अन्नाचा होता, रक्ताचा नव्हता.

येथे एका वेगळ्या परंपरेचा उल्लेख आवश्यक आहे. चरकसंहितेत ग्रहणीदोषाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यावर ताकाची प्रशंसा आढळते. जठराग्नी मंदावणे हे रोगांचे मूळ, ही कल्पना आयुर्वेदात मध्यवर्ती आहे. तीवरून आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्र प्राचीन काळीच ज्ञात होते, असा दावा अलीकडे वारंवार केला जातो. असा दावा इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. दीर्घ निरीक्षणातून आलेले व्यवहारज्ञान आणि प्रयोगातून सिद्ध झालेली कार्यकारणमीमांसा या भिन्न गोष्टी आहेत. त्यांना एकच ठरविल्याने दोहोंचाही सन्मान होत नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आंबविलेल्या दुधाचा पुरस्कार केला, तोही त्या वेळच्या पुराव्याच्या कितीतरी पुढे जाऊन.

आतड्याचे अस्तर आणि प्रतिकारशक्ती

योहान पायर यांनी लहान आतड्यातील लसिका पेशींच्या पुंजक्यांचे वर्णन १६७७ मध्येच केले होते. त्यांचे कार्य समजण्यास मात्र जवळजवळ तीनशे वर्षे लागली. १९६० च्या दशकात थॉमस टोमासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाळ व इतर स्रावांत आढळणारे एक विशिष्ट प्रतिपिंड, स्रावी आयजीए, उघडकीस आणले. ते रक्तात फिरून लढण्याऐवजी अस्तरावर पहारा देते आणि जंतूंना चिकटून त्यांना आत शिरू देत नाही. शरीरातील प्रतिकारपेशींचा फार मोठा भाग आतड्यात असतो, ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकातही आहे. कारणही सरळ आहे. बाहेरच्या जगाशी शरीराचा सर्वांत विस्तृत संपर्क त्वचेपेक्षा आतड्यातून होतो.

कुपोषणात या व्यवस्थेचे काय होते, याचे टप्पे आता बऱ्याच अंशी स्पष्ट झाले आहेत. जठरातील आम्ल घटते, त्यामुळे पाण्यातून आलेले पटकीचे जंतू जठरात न मरता आतड्यापर्यंत जिवंत पोचतात. रसांकुर आखूड होतात. अ जीवनसत्त्व व जस्त यांच्या अभावी अस्तराच्या पेशी वेळेवर बदलत नाहीत. स्रावी आयजीए कमी होते. थायमस ग्रंथी आकसते आणि टी-पेशींची फळी विरळ होते. याशिवाय आतड्यातील निवासी जीवाणूंचे संतुलन ढळते. हे जीवाणू परक्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत, हे १९५० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांतून दिसले होते. २०१३ मध्ये तीन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखविले की आहारातील तंतूंपासून जीवाणू जी ब्युटिरेटसारखी मेदाम्ले बनवितात, ती दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींच्या निर्मितीस साहाय्य करतात. कळण्याच्या भाकरीचा कोंडा माणूस पचवू शकत नाही. तो जीवाणूंचे अन्न आहे आणि त्यांच्या पचनातून निघालेले द्रव्य माणसाच्या प्रतिकारव्यवस्थेला वळण लावते. २०१९ मध्ये भोपाळ व केरळ येथील निरोगी व्यक्तींच्या तुलनात्मक अभ्यासात वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या भोपाळकडील गटात प्रेव्होटेला जीवाणूंचे प्राबल्य आढळले. भुसावळहून इटारसीमार्गे भोपाळ काही तासांच्या अंतरावर असले, तरी तो निष्कर्ष खानदेशास जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल.

एवढ्या तयारीनंतर जुन्या नोंदवहीकडे परतता येते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘हंगर अँड हिस्टरी’ या शीर्षकाखाली इतिहासकार व वैद्यकतज्ज्ञ यांनी एकत्र येऊन कोणत्या रोगावर पोषणाचा किती प्रभाव पडतो, याची वर्गवारी केली. देवी, प्लेग आणि हिवताप यांवर पोषणाचा प्रभाव अल्प, तर अतिसार, पटकी, गोवर व क्षय यांवर निश्चित, असे तिचे स्वरूप होते. ही वर्गवारी खानदेशच्या रकान्यांवर ठेवली तर ते रकाने एकसारखे राहत नाहीत. ‘पोटाचे विकार’ आणि ‘पटकी’ हे रकाने भुकेच्या सर्वांत जवळ येतात. ‘देवी’ व ‘प्लेग’ दूर राहतात. ‘ताप’ हा रकाना गोंधळाचा आहे. त्यात हिवतापापासून क्षयापर्यंत काहीही असू शकते. टिम डायसन यांनी १९९१ मध्ये भारतातील दुष्काळांच्या लोकसंख्याशास्त्रीय अभ्यासात पावसानंतरच्या हिवतापाचा मोठा वाटा दाखवून दिला आहे आणि त्याचे स्पष्टीकरण केवळ उपासमारीत शोधता येत नाही. सर्व मृत्यू भुकेच्या नावे लिहिणे हे सर्व मृत्यू रोगाच्या नावे लिहिण्याइतकेच ढोबळ होईल. परंतु हगवणीचे मृत्यू भुकेपासून तोडणे वैद्यकशास्त्राला मान्य होणारे नाही. मृत्युदराचे शिखर धान्याच्या टंचाईनंतर यावे, यातही विसंगती उरत नाही, कारण झिजलेल्या आतड्यापर्यंत संसर्ग पोचला तो उन्हाळ्यातील आटलेल्या पाणवठ्यांतून, दुष्काळी कामावरील गर्दीतून आणि पहिल्या पावसात वाहून आलेल्या घाणीतून.

१९७२ आणि त्यानंतर

१९७२-७३ च्या महाराष्ट्रातील दुष्काळाचे मूल्यमापन सहसा रोजगाराच्या अंगाने केले जाते आणि ते योग्यच आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, त्याची बीजे येथे आहेत. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. आहाराच्या दृष्टीने मात्र दोन शब्द त्या पिढीच्या स्मरणात आहेत : मिलो आणि सुकडी. अमेरिकेतून आलेली मिलो ही लाल ज्वारी नाइलाजाने खाल्ली गेली. सुकडी हे कामावरील मजुरांना दिले जाणारे, पीठ, गूळ व तेल यांचे कोरडे मिश्रण होते. १८७७ च्या एक पौंड धान्यापेक्षा सुकडीची कल्पना मूलतः वेगळी होती. कमी आकारमानात अधिक ऊर्जा, स्निग्ध पदार्थ, आणि शिजविण्यासाठी सरपण व दूषित पाण्याची गरज नाही. कॉर्निश यांनी मागितलेल्या गोष्टी शंभर वर्षांनी अंशतः का होईना, मजुराच्या हातात पडल्या.

भूक आणि रोग यांच्या सीमेवरील वाद मात्र तेथे संपला नाही. तो सातपुड्यात सरकला. १९९० च्या दशकापासून मेळघाटातील बालमृत्यू मुंबई उच्च न्यायालयापुढे जनहित याचिकांतून आले. बालमृत्यू कुपोषणाने की न्यूमोनिया व अतिसाराने, ही चर्चा विधिमंडळात दर पावसाळ्यात होत राहिली. २००१ मधील ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखविले आणि त्यानंतर शासनाने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या, अशा दोन्ही फेऱ्यांत पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली.

आतड्याची अवस्था प्रतिबंधक लसीच्या परिणामावरही प्रभाव टाकते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तोंडाने दिली जाणारी रोटाव्हायरस लस सधन देशांत तीव्र अतिसाराविरुद्ध ८५ टक्के व त्याहून अधिक परिणामकारक ठरली. भारतीय बनावटीच्या रोटाव्हॅक लसीच्या चाचणीत, जी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू येथे झाली, हे प्रमाण सुमारे ५४ टक्के आले. या तफावतीमागे मातेकडून येणारी प्रतिपिंडे, आतड्यातील इतर जंतू आणि अस्तराचा जुनाट दाह अशी अनेक कारणे सांगितली जातात. त्यांतील प्रत्येकाचा वाटा निश्चित झालेला नाही. केवळ शौचालये व स्वच्छ पाणी पुरवून आतडे सुधारेल, ही आशाही बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे येथील २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी मर्यादित ठरविली. तेथे पूरक आहाराने मुलांची उंची थोडी वाढली, स्वच्छतेच्या उपक्रमांनी वाढली नाही. या चाचण्यांतील स्वच्छतेची पातळी कुटुंबापुरती होती, गावाची नव्हती, हा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे.

नोंदीच्या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर केव्हाच मिळालेले आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूच्या कारणाचे जे वैद्यकीय प्रमाणपत्र भरले जाते, त्यात एकच कारण लिहायचे नसते. पहिल्या ओळीत तात्कालिक कारण, तिच्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते पूर्वकारण, त्याखाली मूळ कारण, आणि दुसऱ्या भागात मृत्यूस हातभार लावणाऱ्या अन्य अवस्था, अशी त्याची रचना असते. अतिसारामुळे शुष्कता आणि त्यामागे तीव्र कुपोषण, ही सगळी साखळी या एका नमुन्यात लिहिता येते. मात्र हा नमुना डॉक्टरने भरायचा असतो, आणि अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातील ज्या पाड्यांवर मृत्यू घरीच होतो, तेथे तो भरण्यास डॉक्टर नसतो.